आधी विझलेला ज्वालामुखी

माझ्या प्रत्येक कोटाच्या खिशात एक लाकडी पेन्सिल असते, दोन्ही टोकांना तासलेली. कोणी विचारलं की मी म्हणते, उणे पंचवीसचा धडा आहे. त्या थंडीत बॉलपेनची शाई थिजते. मार्कर काखेत धरून उबवला तर चार अक्षरं उमटतात, पाचवं फिक्कं पडतं. खटक्याच्या पेन्सिलीचं प्लॅस्टिक तडकतं आणि तिचं बारीक शिसं जाड हातमोज्यात टिकतच नाही. उरते ती शाळेतली साधी पेन्सिल. दोन टोकं अशासाठी, की एक मोडलं तर हातमोजा काढून तासत बसायला नको. पेन्सिल उलटी केली की झालं.

उलटं करण्यावरूनच पुढचं सगळं रामायण आहे.

मी ध्रुवीय बर्फाचे कोअर, म्हणजे ड्रिलने उभे कापलेले गोल लांब दांडे, काढते आणि वाचते. गेली १७ वर्षं हेच काम. अंटार्क्टिकाच्या उंच पठारावर उन्हाळ्यातही हिम वितळत नाही. यंदाचं हिम गेल्या वर्षीच्या हिमावर बसतं, त्यावर पुढच्या वर्षीचं. वरच्या भाराने खालचं दबत जातं, दाणे एकमेकांना चिकटतात, आणि मग धड हिम नाही, धड बर्फ नाही अशी जी अवस्था येते तिला आम्ही फिर्न म्हणतो. साधारण ६० ते १०० मीटर खाली गेलं की दाण्यांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात, बुडबुडे अडकतात आणि खरा बर्फ सुरू होतो. त्या बुडबुड्यांत त्या काळची हवा असते. क्लोद लोरियस या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे सुचलं ते १९६५ साली, व्हिस्कीच्या ग्लासात टाकलेल्या जुन्या बर्फातून फुटणारे बुडबुडे बघून. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाणारी गोष्ट हीच असावी. कॅम्पवर नवीन माणूस आला की पहिल्या दोन दिवसांत कोणीतरी ती सांगतंच, आणि सांगणाऱ्याला वाटतं आपणच पहिले.

अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या डोम सी इथला ३,२७० मीटरचा कोअर आठ लाख वर्षं मागे गेला. २०२५ च्या जानेवारीत जवळच्याच लिटल डोम सी इथे ड्रिल २,८०० मीटरपर्यंत पोचलं आणि बारा लाख वर्षांपूर्वीचा बर्फ वर आला. त्यांच्यापुढे माझा पहिला कोअर म्हणजे लिंबूटिंबू. १०० मीटर, जेमतेम हजार वर्षं. पण तो काढायला मी गेले होते तेव्हा मला तो जगातला सगळ्यात मोठा कोअर वाटत होता.

खरं तर मी जाणारच नव्हते. मी मूळची रसायनशास्त्राची. गिर्यारोहण, साहस, लहानपणापासूनचं स्वप्न, यातलं काही नाही. पीएचडीसाठी पाण्यातले आयन मोजायचे होते, आणि मोजायचं पाणी वितळलेल्या बर्फाचं होतं, एवढाच संबंध. कॅम्पवर जायला गटातल्या दुसऱ्या एका मुलाची निवड झाली होती. तो दोन वर्षं त्याची तयारी करत होता. निघायच्या तीन महिने आधी वैद्यकीय तपासणीत त्याची अक्कलदाढ आडवी निघाली. तिकडे दात दुखायला लागला तर उपाय नाही, त्यामुळे दातांच्या बाबतीत डॉक्टर अजिबात दयामाया दाखवत नाहीत. दाढ काढून जखम भरेपर्यंत वेळ उरला नाही आणि रिकाम्या जागी मी गेले. मुलाखतीत लोक विचारतात, या क्षेत्रात कशा आलात? मी सांगते, दुसऱ्याच्या अक्कलदाढेमुळे. त्यांना वाटतं मी विनोद करतेय.

तपासणीवर इतका भर का, ते उतरल्यावर कळलं. केप टाउनहून इल्युशिन-७६ हे मालवाहू विमान आम्हाला घेऊन नोव्होच्या धावपट्टीवर उतरलं. धावपट्टी म्हणजे घासून तयार केलेला निळा बर्फ. जवळच नोव्होलाझारेव्हस्काया हा रशियन तळ आहे. ३० एप्रिल १९६१ च्या रात्री तिथला २७ वर्षांचा डॉक्टर लिओनिद रोगोझोव याने स्वतःचंच अपेंडिक्स काढलं. हत्यारं हातात द्यायला आणि आरसा धरायला होते एक ड्रायव्हर आणि एक हवामानतज्ज्ञ. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता, बाहेर हिमवादळ, विमान येण्याची शक्यता नाही. ऑस्ट्रेलियाच्या तळांवर हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरांना आजही जायच्या आधी अपेंडिक्स काढून घ्यावं लागतं. एकदा तिथे उभं राहून चहूकडे पाहिलं की या नियमावर हसू येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशीचं एक काम मला फार आवडतं. सगळ्यांनी आपापले कोट, पिशव्या, बूट घेऊन बसायचं आणि खिशांचे कोपरे व्हॅक्यूमने साफ करायचे. वेल्क्रोच्या काट्यांत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने काढायचं, बुटाच्या तळव्यातली माती ब्रशने घासायची. बाहेरचं एकही बी त्या खंडावर जाता कामा नये. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारानंतर हे नियम कडक झाले. १९९४ पासून तर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांनाही बंदी आली. खिशात काय काय निघतं! एकाच्या खिशातून सहा वर्षांपूर्वीचं सिनेमाचं तिकीट निघालं आणि त्याचा चेहरा पडला. कोणाबरोबर पाहिला होता ते आम्ही विचारलं नाही.

नोव्होहून स्की लावलेल्या छोट्या विमानाने अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड या भागातल्या पठारावर. आम्ही नऊ जण. सपाट, पांढरं, सगळीकडे सारखं. विमान गेलं आणि त्याचा आवाज थांबल्यावर जी शांतता आली ती माझ्या अंगावरच आली. माझ्याच रक्ताचा आवाज कानात यायला लागला. वास तर कशालाच नाही. केरोसीनचा सोडला तर महिनाभर नाकाला काही कामच नव्हतं. परत आल्यावर विमानतळाबाहेरच्या ओल्या मातीचा वास असा काही भिनला, की मी सामान तिथेच टाकून पाच मिनिटं नुसती श्वास घेत उभी होते.

कॅम्पवरच्या दिवसाबद्दल लोकांच्या डोक्यात दाढीवरचा बर्फ आणि झेंड्याशेजारचा फोटो असतो. मला त्या फोटोंचा मनापासून कंटाळा आहे. खरा दिवस असा: झोपायच्या पिशवीत आपल्याबरोबर बुटांचे आतले मोजे, पाण्याची बाटली, कॅमेऱ्याच्या आणि जीपीएसच्या बॅटऱ्या आणि ओले पुसणी कागद झोपतात, कारण बाहेर ठेवलेलं सगळं सकाळी दगड. आणखी एक बाटली असते, रुंद तोंडाची, तिच्यावर मोठी फुली. ती कशासाठी ते समजून घ्या. रात्री तंबूबाहेर जायचं म्हणजे पंधरा मिनिटांचे कपडे. आणि आमच्या कॅम्पचा नियम असा की शरीरातून निघालेलं सगळं पिंपात भरून परत न्यायचं. स्त्रियांसाठी एक नरसाळ्यासारखं साधन मिळतं. ते घरी न्हाणीघरात शिकून घ्या, असा सल्ला मला एका अनुभवी बाईने दिला होता. मी तो ऐकला नाही. पुढचं विचारू नका.

कपडेही पुरुषांच्या मापाचे. सगळ्यात लहान आकाराच्या हातमोज्यातही माझी बोटं टोकापर्यंत पोचत नव्हती, आणि रिकाम्या टोकाने पेन्सिल धरायची म्हणजे चिमट्याने सुई ओवण्यासारखं. तक्रार करायची सोय नव्हती, कारण आपण इथे आहोत हेच अजून नवीन आहे ही जाणीव असायची. १९६९ साली लोइस जोन्स चार स्त्रियांची संशोधन-तुकडी घेऊन अंटार्क्टिकावर गेल्या, त्याआधी अमेरिकेने आपल्या कार्यक्रमात बायकांना संशोधनासाठी तिथे पाठवलंच नव्हतं. आपल्याकडून अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या १९८३ मध्ये. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका. हातमोज्यांचं त्यांनी काय केलं असेल, हा प्रश्न मला कायम पडतो.

आता ड्रिल. ते हिमात खोदलेल्या एका खंदकात होतं, वर ताडपत्रीचं छत. खंदकात वारा नसतो, पण उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो, कारण भिंतींमध्ये वर्षभराची थंडी मुरलेली असते. ड्रिल तारेवरून खाली जातं, साधारण मीटरभर कापतं, तार ताणली की खालचा दांडा कट्‌कन तुटतो आणि वर येतो. तो ‘कट्’ तारेवर ठेवलेल्या हाताला जाणवतो. मग बॅरल आडवं करायचं, कोअर ढकलून लांब ट्रेवर घ्यायचा, आधीच्या तुकड्याशी तुटलेली टोकं जुळवायची. फुटलेल्या बशीचे तुकडे बसावेत तशी ती बसतात. मग लांबी मोजायची, अंगावर पेन्सिलीने बाण काढायचा, बाणाचं टोक आकाशाकडच्या बाजूला. मग करवतीने बरोबर एक मीटरचे भाग करायचे, प्रत्येकावर पुन्हा बाण, पुन्हा आकडे, तेच सगळं वहीत. पॉलिथिनच्या पिशवीत घालून पेटीत.

करवतीने कापलं की दोन्ही टोकं सपाट होतात. तिथून पुढे या तुकड्याची वरची बाजू कोणती हे जगात फक्त त्या बाणाला माहीत असतं.

माझं काम बाण काढायचं होतं.

दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस वादळ झालं. नुसतं पांढरं. तंबूपासून स्वयंपाकाच्या तंबूपर्यंत दोरी बांधलेली, दोरी धरूनच जायचं. हात पसरला तर कोपरापुढचा हात दिसत नाही. जमीन आणि आभाळ यांच्यातली रेघच पुसली जाते आणि माणूस उभ्या उभ्या तोल जाऊन पडतो. मीही पडले, चांगली सपाट जागेवर. वादळ थांबलं तेव्हा खंदकाचं तोंड पार बुजलं होतं. ते उपसण्यापेक्षा दुसऱ्या टोकाने वाट काढणं सोपं होतं. तशी काढली, आणि त्या गडबडीत ट्रे उलट तोंडाने लावला. आतापर्यंत कोअरची वरची बाजू माझ्या डाव्या हाताला यायची, आता ती उजव्या हाताला येणार होती. ड्रिल चालवणाऱ्याने मला ते सांगितलंही. मी "हो" म्हटलं. कानावर तीन टोप्या होत्या.

वेळ पहाटे तीनची. तिथे पहाट म्हणजे नुसता आकडा, सूर्य डोक्यावरच फिरत असतो. वेळ वाया गेला म्हणून आम्ही रात्रीही काम करत होतो. पहिला तुकडा आला, मी डावीकडे टोक करून बाण काढला, मोजलं, कापलं, पिशवीत घातलं. दुसरा आला. मी पेन्सिल टेकवणार एवढ्यात ड्रिल चालवणारा ओरडला, "अगं, वर तिकडे! उजवीकडे!" मी हसले, बाण बरोबर काढला.

आणि मग माझ्या मनात आलं, पहिला?

मला ते क्षण अजून लख्ख आठवतात. नाक गळत होतं, वाहून ओठावर गोठत होतं. डाव्या हाताची दोन बोटं बधिर होती. पहिल्या तुकड्याची पेटी माझ्या मागे, झाकण लावलेली. मी स्वतःला सांगितलं, नाही, तो ट्रे फिरवायच्या आधीचा होता. तसं नव्हतं. आठवायला गेले असते तर आठवलं असतं. पण ड्रिल तिसऱ्या फेरीला खाली गेलं होतं आणि मला माझा ‘हो’ खोटा पडू द्यायचा नव्हता. दहा सेकंद लागली असतील या सगळ्याला. मग मी पान उलटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी विमान आलं. पेट्या गोठवलेल्या कंटेनरमधून जहाजाने गेल्या. उणे वीसच्या वर पारा चढला की मेल येईल अशी सोय होती. मी चार महिने रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मेल बघत होते. बर्फ सुखरूप पोचला. बोटंही सुधारली, फक्त करंगळीचं टोक अजून थंडीत पांढरं पडतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ध्रुवावरचा शास्त्रज्ञ ध्रुवावर असतो. माझ्या १७ वर्षांतले सगळे दिवस मिळून मी जेमतेम १४ महिने बर्फावर काढले आहेत. बाकीचं आयुष्य अर्ज लिहिण्यात, पेट्यांच्या याद्या करण्यात, नामंजूर अर्ज पुन्हा लिहिण्यात, आणि उणे वीसच्या खोलीत करवत चालवण्यात गेलं. या काळात माझे सहा करार झाले, प्रत्येक दोन-तीन वर्षांचा, आणि दर करारातले शेवटचे आठ महिने पुढचा करार शोधण्यात. एका वर्षी विमानाच्या इंधनाचे भाव वाढले आणि मंजूर झालेला हंगाम रद्द झाला. त्या वर्षी मी दुसऱ्यांच्या आकड्यांवर पेपर लिहिला, आणि खरं सांगायचं तर तो माझा सगळ्यात चांगला पेपर आहे.

थंड खोलीत कोअर उभा चिरतात. अर्धा भाग जपून ठेवायचा, म्हणजे पुढे कोणाला नवीन यंत्राने काही मोजायचं असेल तर राहावा. उरलेल्याच्या काड्या करून त्यातले अडीच-अडीच सेंटिमीटरचे तुकडे वितळवायचे, पाणी बाटल्यांत. एका मीटरचे ४० नमुने, शंभर मीटरचे चार हजार. त्यातून ऑक्सिजनचे समस्थानिक मोजले की उन्हाळे-हिवाळे लाटांसारखे दिसतात, कारण जितकी थंडी जास्त तितका जड ऑक्सिजन वाटेतच गळून जातो आणि हिमात कमी येतो. आयन क्रोमॅटोग्राफ या आयन मोजणाऱ्या यंत्रावर सल्फेट, म्हणजे ज्वालामुखीच्या धुरातल्या गंधकाची हिमातली खूण, मोजलं की ज्वालामुखी दिसतात. ज्वालामुखी हे आमचे मैलाचे दगड. वर्षं मोजताना आपण कुठे चुकलो ते तेच सांगतात.

सगळ्यांच्या ओळखीची जोडी म्हणजे १८०९ आणि १८१५. १८१५ चा इंडोनेशियातला तांबोरा, ज्याच्यामुळे पुढचं वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेलं. त्याच्या सहा वर्षं आधी आणखी एक मोठा स्फोट झाला, पण कोणता डोंगर फुटला ते अजूनही कोणाला माहीत नाही. तो फुटताना पाहिल्याची नोंद कुठे सापडलेली नाही. तो झाला हे कळलं ते दोन्ही ध्रुवांच्या बर्फामुळे. कोअरमध्ये वरून खाली जाताना आधी तांबोराचं उंच शिखर लागतं आणि मग त्याच्याखाली या अनामिकाचं बुटकं. आमच्या जागी हिम इतकं कमी पडायचं की दोघं मिळून एका मीटरमध्ये मावले होते. सव्वीस ते सत्तावीस मीटर खोलीवर.

क्रोमॅटोग्राफ सांभाळणाऱ्या बाई निवृत्तीला आलेल्या. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी, आणि बोलणं मोजकं. परदेशी हंगामावर कधीच गेल्या नव्हत्या. त्यांना थंडीच सोसत नसे. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं, पडद्यावर आलेख होता.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या. "तुझा ज्वालामुखी आधी विझतो आणि मग पेटतो. असं कसं?"

मी बघितलं. ज्वालामुखीचं सल्फेट चढतं लवकर आणि उतरतं सावकाश. गंधकाचे कण वर जातात ते एकदम, खाली बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. माझ्या आलेखात काळाच्या दिशेने वाचलं तर सल्फेट हळूहळू वाढत गेलं होतं आणि शिखरावरून कड्यावरून पडावं तसं शून्यावर आलं होतं. शिवाय उंच शिखर खाली, बुटकं वर. मला क्षणात कळलं काय झालंय. पेटीचा क्रमांक बघायचीही गरज नव्हती. पोटात जे झालं ते विमान खाली जाताना होतं तसं.

मी बाईंना म्हटलं, "उलटा आहे."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि दुसरी गोळी तोंडात टाकली.

जपून ठेवलेला अर्धा भाग काढला. तो तुकडा आणि त्याच्या खालचा शेजारी यांच्यामध्ये जो करवतीचा काप होता, तो अगदी सरळ नव्हता. माझे हात थरथरत होते त्याचा पुरावा. बाणाप्रमाणे ठेवला तर मध्ये पाचरीएवढी फट राहत होती. उलटा फिरवून ठेवला आणि दोन्ही तुकडे बिनफटीचे बसले. एरवी वाकड्या कापाबद्दल मला बोलणी बसली असती.

आमच्या गटप्रमुखांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. ट्रेचं, वादळाचं. तेवढंही पुरलं असतं. पण बोलता बोलता त्या दहा सेकंदांचंही तोंडातून निघून गेलं, की मला शंका आली होती आणि मी ती गिळली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, आता संपलं.

"चूक सगळ्यांची होते," त्या म्हणाल्या. "मी तर ग्रीनलंडमध्ये एक अख्खी पेटी उन्हात विसरले होते. पण शंका आली ती कुठे लिहिलीस?"

"नाही लिहिली."

"मग आता मला तुझ्या बाकीच्या ९९ तुकड्यांबद्दल काय माहीत आहे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी उणे वीसच्या खोलीत, एका वेळी चाळीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर, असं करत प्रत्येक सांधा जुळवून पाहिला. तुटलेली टोकं जिथे होती तिथे सोपं होतं. सपाट कापांना दिव्यासमोर धरून थर जुळवायचे, वाऱ्याने घट्ट झालेला एखादा पातळ पापुद्रा इकडून तिकडे जातो का ते बघायचं. बाकी सगळे सुलटे निघाले. त्या तीन आठवड्यांत मला तो कोअर जितका कळला तितका कॅम्पवर एकदाही कळला नव्हता. पण पेपर आठ महिने लांबला, आणि त्यात पद्धतीच्या भागात एक वाक्य आहे की अमुक खोलीचा तुकडा नोंदणीत उलटला गेला होता व नंतर दुरुस्त केला. ते वाक्य मी अकरा वेळा लिहिलं. तो पेपर उद्धृत करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलं असेल, देव जाणे.

तेव्हापासून माझ्या नोंदवहीत उजवीकडे एक जादा रकाना असतो. वर लिहिलेलं असतं ‘शंका’. बहुतेक वेळा रिकामा राहतो. कधी कधी त्यात अगदी फालतू गोष्टी असतात: "टेप ताणली गेली का?" "हा आकडा मी ऐकला की तिने सांगितला?" एका सहकाऱ्याने एकदा वही चाळून विचारलं, हा वैज्ञानिक दस्तऐवज आहे की रोजनिशी? मी म्हटलं, फरक कुठे असतो ते सांग.

नंतर काही वर्षं मी उत्तरेला काम केलं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, नी-ऑलेसुंदला. ७९ अंश उत्तर. ही जुनी कोळशाच्या खाणीची वस्ती, १९६२ च्या स्फोटानंतर खाण बंद पडली आणि आता सगळी संशोधकांची. १९२६ मध्ये ध्रुवांवर मोहिमा काढणाऱ्या आमुंडसेनचं नॉर्गे हे हवाई जहाज जिथे बांधलं होतं तो खांब अजून उभा आहे. तिथे दारांना कुलूप लावत नाहीत, कारण अस्वल दिसलं तर जे दार जवळ असेल त्यात शिरता आलं पाहिजे. वस्तीबाहेर जायचं तर बंदूक चालवता यायला हवी. रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. आणि वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवायचं, कारण तिथली रेडिओ दुर्बीण दूरच्या क्वेसारांचे, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांच्या तेजस्वी गाभ्यांचे, मंद संदेश ऐकत असते. घरी फोन करायचा तर तारेच्या फोनवरून. मला ते आवडायचं. अंटार्क्टिकातल्या उपग्रह फोनवर आवाज पोचायला उशीर लागतो, दोघी बहिणी एकदम बोलायला लागायचो आणि एकदम थांबायचो, "बोल", "नाही तू बोल", यातच पैसे संपायचे.

तिथलं काम म्हणजे हिमनदीत रोवलेल्या काठ्या मोजणं. बस, एवढंच. वाफेच्या ड्रिलने भोक पाडून काठी रोवायची आणि वर्षभराने येऊन बघायचं किती उघडी पडली. शेजारच्या ऑस्त्रे ब्रोगरब्रेन या हिमनदीवर हे मोजमाप १९६० च्या दशकापासून अखंड चालू आहे. जुन्या नोंदींत कोणीतरी धुक्यात लिहिलेले आकडे आहेत, हातमोज्याने काढलेले चार नि नऊ जवळजवळ सारखे. मी ते वाचत बसायचे. जिथे आकड्याशेजारी बारीक प्रश्नचिन्ह दिसायचं तिथे मला त्या माणसाशी हात मिळवावासा वाटायचा. तो आकडा मी जास्त विश्वासाने वापरायचे.

हिमनदीची नोंद साधी आहे: बहुतेक दर वर्षी काठी जास्त उघडी. ती लिहायला उत्साह लागत नाही. आणि तिथपर्यंत जायला मी जाळलेलं विमानाचं इंधन कुठल्या रकान्यात लिहायचं, हे मला अजून कळलेलं नाही. शंकेच्याच लिहिते.

या हिवाळ्यात आमच्या गटात एक नवीन मुलगी आली. तिला लेझरवर चालणाऱ्या नव्या यंत्राने काजळीचे कण मोजायचे आहेत, आणि त्यासाठी जुना बर्फ हवा होता. माझ्या पहिल्या कोअरचा जपलेला अर्धा भाग अजून साठ्यात आहे. आम्ही दोघी थंड खोलीत गेलो. तिने पेट्या उघडल्या, एकेक तुकडा दिव्यासमोर धरला. सव्विसाव्या मीटरपाशी थांबली. त्या तुकड्याच्या अंगावर दोन बाण आहेत. एक आडव्या दोन रेघांनी खोडलेला, दुसरा त्याच्या उलट दिशेचा, शेजारी माझी आद्याक्षरं आणि तारीख.

"हा खोडलेला कोणाचा?" तिने विचारलं. तोंडातून वाफ आली.

"माझा."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग खिशातून पेन्सिल काढून तिने वहीत दोन्ही बाण उतरवून घेतले, खोडलेलासुद्धा.